राखेच्या बुधवारपर्यंत

२ फेब्रुवारी १८८७

चॅपलच्या मास्तरांनी नाताळात ही वही दिली तेव्हा रोज लिहीन म्हणालो होतो. आता फेब्रुवारी उजाडला आणि पहिलं पान कोरंच. आधी शाई नव्हती. शाई मिळाली तर टाक मोडला. टाक मिळाला तेवढ्यात गोठ्याच्या माळ्यावर पंख तुटलेला कावळा सापडला, त्याला पाव भिजवून भरवण्यात आठवडा गेला. बरा झाल्यावर तो माझं बटण घेऊन उडाला. पण खरं कारण यातलं एकही नाही. वहीत पहिलं नाव एफ्राइम व्हील्डनचं लिहावं लागणार आणि त्याच्या शेजारी माझं, म्हणून टाळत होतो.

तर लिहून टाकतो. मागच्या चेंडूच्या दिवशी, नऊ मार्चला, गिरणीच्या बंधाऱ्याखाली पाण्यात, एफ्राइमच्या कमरेत लाथ घातली ती मी, जेबेझ फर्नने. चेंडू तेव्हा त्याच्याजवळ नव्हता. त्यानं तो सोडून दिला होता.

आमच्या थॉर्नब्रुकमध्ये ओढ्याच्या वरच्या काठाला जन्मले ते वरचे, खालच्या काठाला जन्मले ते खालचे. उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आदल्या मंगळवारी घरोघर धिरडी होतात, दुपारी घंटा वाजते, चेंडू उधळतात आणि अंधार पडेपर्यंत अर्धं गाव उरलेल्या अर्ध्या गावाच्या उरावर असतं. आपापल्या गिरणीच्या जात्याला चेंडू टेकवला की जिंकलं. नियम म्हणून काही नाही, फक्त एक आहे. चेंडूत काय झालं, कोणी केलं, त्याचं नाव घ्यायचं नाही. हवालदाराला नाही, पाद्र्याला नाही, बायकोलाही नाही.

मी ना वरचा ना खालचा. रेल्वेच्या खोदकामाबरोबर आलो, खोदकाम पुढे गेलं, मी राहिलो. पुढच्या आठवड्यात निघू म्हणत दोन वर्षं झाली. पहिल्यांदा झोपलो तो टोबायस ऑल्सपच्या गुत्त्यामागच्या गोठ्यात, आणि गुत्ता खालच्या काठाला, म्हणून मला खालच्यांत धरलं. त्या दिवशी पाण्यात एफ्राइम, वरच्यांचा गडी, हसून म्हणाला, "तू रे कुठल्या काठाचा? तुला तर आईनं वाटेत सांडलं!" सगळे हसले. चेंडूच्या दिवशी लोक काहीबाही बोलतात, मीही बोलतो. पण मला ते लागलं. तो चेंडू टाकून काठ चढायला वळला आणि मी मागून बूट घातला. लोखंडी टाचेचा.

त्याचे पाय त्या दिवसापासून गेले.

पुरे. हात दुखतोय. बाहेर कोणीतरी अकॉर्डियन वाजवतंय, जाऊन बघतो.

६ फेब्रुवारी

अकॉर्डियनवाला आंधळा निघाला. तीन दिवस त्याच्याबरोबर खेडोपाडी हिंडलो. लिहायचं राहिलं.

आता कायद्याचं लिहितो, कारण तेच डोक्यात फिरत असतं. एफ्राइमला घरी उचलून नेल्याच्या दुसऱ्या दिवशी टोबायसनं मला तळघरात बोलावलं. टोबायस गुत्त्याचा मालक आणि खालच्यांचा म्होरक्या. अंगानं पिंपासारखा, आवाज मात्र बाईसारखा बारीक.

"मी पाहिलं," तो म्हणाला. "आणखी दोघातिघांनी पाहिलं. घाबरू नकोस, कोणी बोलणार नाही. पण तो मेला तर आपण सगळे मेलो."

"सगळे कसे?"

"अरे लेका, मॅजिस्ट्रेट टपून बसलाय. चेंडूत एक मुडदा पडू दे, तो खेळच बंद करील. आणि तुला लटकवील ते वेगळंच. पण कायद्यात एक मेख आहे. मार लागल्यापासून वर्ष आणि एक दिवस. तेवढ्यात माणूस गेला तर मारणाऱ्याच्या माथी. त्यानंतर गेला तर देवाची मर्जी. माझ्या बापाच्या वेळी ॲमॉस गिल असाच पडून होता. चेंडूला वर्ष झालं, राखेचा बुधवार उलटला आणि तो शुक्रवारी गेला. मयताची चौकशी करायला आलेल्या कॉरोनरनं टोपी घातली नि जेवायला निघून गेला."

इथं सगळंच चेंडू ते चेंडू चालतं. गडी चेंडू ते चेंडू ठेवतात. विधवा चेंडू ते चेंडू काळे कपडे घालते. चेंडूचा मंगळवार आला की वर्ष झालं, आणि वर एक दिवस म्हणजे राखेचा बुधवार. पोरालाही समजेल असा हिशेब.

तेव्हापासून सगळं गाव एफ्राइमला जगवतंय. वरचे सरपण देतात, खालचे मटणाचं पाणी देतात. डॉक्टर टोबायसच्या घोडागाडीतून येतो. बायका अंथरूण धुतात. दिवसातून चार वेळा त्याला कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. माणूस दांडगा, पूर्वी चाकं घडवायचा, त्याला वळवायला दोघं लागतात. एक त्याची बायको केझाया. दुसरा बहुतेक वेळा मी.

लोक म्हणतात, परका असून पोरगा किती करतो बघा. मास्तरांनी वही दिली ती त्याचसाठी. पहिल्या पानावर त्यांनी 'परोपकारी जेबेझ यास' असं लिहिलं होतं. ते पान मी फाडलं. दाढी करताना साबण पुसायला वापरलं.

१० फेब्रुवारी

आज त्याची दाढी करताना तो म्हणाला, "तुझ्या डाव्या बुटाची टाच सैल झालीय. जिना चढताना वाजते. ठोकून घे."

मी म्हणालो, "तुम्ही पडून पडून टाचा ओळखायला लागलात."

"दुसरं काय आहे करायला? सगळ्या गावाच्या टाचा ओळखतो मी." मग छताकडे बघत म्हणाला, "तुझी तर कधीच ओळखली."

कान तिखट झालेत त्याचे. पायातलं गेलं की कानात येत असेल.

त्याला कोणी मारलं हे त्याला माहीत नाही, हाच एक आधार आहे मला. पाठमोरा होता. रोज सकाळी त्याच्या घराचा धूर दिसेपर्यंत मी दारातून हलत नाही. धूर दिसला की वाटतं, चला, आणखी एक दिवस. आणि मग वाटतं, जेबेझ, तू त्याच्याकडे माणूस म्हणून बघतोस की मुदत म्हणून? याचं उत्तर लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी

हवालदार स्लॅक आला होता. दर महिन्याला येतो. मी एफ्राइमला चमच्यानं भरवत होतो.

"एफ्राइम, आता तरी सांग. कोण होता?"

"पाण्यात सगळ्यांचे पाय सारखेच, स्लॅक."

"तू मेल्यावर सांगणार का?"

"मेल्यावर तू भलत्या ठिकाणी चौकशीला जाशील. मी वर असणार."

स्लॅक हसला. मीही हसलो. केझाया हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे चमच्याकडे. चमचा मी वाटेतच थांबवला होता. मी म्हणालो, "गरम आहे." तिनं चमचा माझ्या हातातून घेतला, ओठाला लावला आणि परत दिला. गरम नव्हतं.

ती माझ्याशी वर्षभरात कामापुरतंच बोललीय. 'धर', 'वळव', 'हळू', 'पुरे'. बस. मला ती थोडी कडू बाई वाटते. पण तिच्या हातची ओटाची भाकरी गावात कोणाला जमत नाही.

२२ फेब्रुवारी

आज चेंडू होता. मी खेळणार नव्हतो, देवाशपथ. काठावर उभं राहून बघणार होतो. मग चेंडू माझ्याच अंगावर आला.

खेळलो. पार गिरणीपर्यंत. खालचे जिंकले आणि मला खांद्यावर घेतलं. खांद्यावर असताना एफ्राइमची खिडकी दिसली. त्याला उशा लावून बसवलं होतं. त्यानं हात हलवला. मीही हलवला. नंतर पाण्यात उतरून खूप वेळ तोंड धूत राहिलो. बर्फाच्या कडा होत्या पाण्याला.

संध्याकाळी धिरडी घेऊन गेलो. तो खुशीत होता. म्हणाला, "यंदा चेंडू फार लवकर आला रे."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी मी पडलो तेव्हा काठाला पिवळी फुलं होती. तोंडावर आपटलो तो फुलांतच. आज तर बर्फ आहे."

"थंडी जास्त आहे यंदा."

त्यानं माझं मनगट धरलं. बोटांत अजून जोर आहे त्याच्या. "जेबेझ, फुलं येईपर्यंत येत राहशील? अजून एक पंधरवडा?"

मी म्हणालो, "येईन की. पंधरवडा काय, वर्षभर येईन!" म्हाताऱ्यासारखा हट्ट करायला लागलाय. चाळिशीचाच आहे खरं तर.

दाराशी केझाया उभी होती. म्हणाली, "येशील ना?"

म्हणालो, "म्हणजे काय, मिसेस व्हील्डन!"

२३ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सुटलो!

सकाळी पाद्र्यानं कपाळाला राख लावली आणि मला हसू आवरेना. टोबायसनं कोपरखळी मारली, "रडका चेहरा कर रे, आज उपास लागतो." चर्चबाहेर वरचे-खालचे सगळे एकमेकांचे हात दाबत होते, बारसं असल्यासारखे. कोणी मोठ्यानं काही बोललं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बिचाऱ्यानं शब्द राखला हो. आता त्याला बरं वाटेल तेव्हा जाऊ दे."

माझ्या मानेभोवती वर्षभर काहीतरी होतं, ते आज नाही. टेकडीवर चढून ओरडलो. मेंढ्या पळाल्या. संध्याकाळी एफ्राइमकडे जायचं राहिलं. उद्या जाईन.

२७ फेब्रुवारी

गेलो नाही. रोज ठरवतो. त्याच्या दारापर्यंत गेलो की वाटतं, आता कशासाठी आलो असं त्याला वाटेल. पूर्वी माझ्याकडे कारण होतं, घाणेरडं का होईना. आता नुसतं जायचं तर काय तोंड घेऊन जाऊ? हे लिहून बघितलं तर मूर्खपणाचं दिसतंय. तरी पाय वळत नाहीत.

आज गुत्त्यात टोबायसच्या बायकोला विचारलं, व्हील्डनकडे मटणाचं पाणी कोण नेतं आता?

"उपासात कसलं मटण?"

"आजाऱ्याला चालतं की."

"मागच्या उपासात चाललं. तेव्हा गरज होती." तिनं टेबल पुसलं, मग फडक्याकडे बघत म्हणाली, "माझीही पाठ दुखते रे बाळा. वर्षभर धुतलं मी."

कोणीच जात नाहीय. कोणी ठरवलं नाही, बैठक झाली नाही, नुसतं थांबलं. त्याला कुशीवर वळवायला दोघं लागतात.

उद्या नक्की जाईन.

३ मार्च

पलीकडच्या बाजारगावी हत्ती आलाय अशी बातमी आली आणि मी निघालो. स्वतःला सांगितलं, एफ्राइमला सांगायला काहीतरी घेऊन यावं. तंबूत खरंच हत्ती होता. कान फाटके, डोळे लहान, एक पाय साखळीत. तो त्या साखळीपुरता पुढेमागे डुलत होता. रखवालदार म्हणाला, साखळी काढली तरी तेवढाच डुलतो. दोन दिवस त्याला गवत घालायचं काम केलं. मला बरोबर घेतो म्हणाला. मनात आलं जावं. इथून हलायला मला यापेक्षा चांगला दिवस मिळायचा नाही.

गेलो नाही. एक संत्रं घेतलं. एफ्राइमनं कधी संत्रं खाल्लं नसेल.

६ मार्च, रविवार

आणखी दोन दिवस हत्तीपाशी रेंगाळून काल दुपारी परतलो. व्हील्डनच्या घराला धूर नव्हता.

दार उघडं होतं. केझाया खुर्चीत बसली होती. त्याला तिनं एकटीनं धुऊन पांढऱ्या चादरीत ठेवलं होतं. वर्षभर मी त्याला बघत होतो, पण इतका लहान कधी दिसला नव्हता.

"सकाळी गेला," ती म्हणाली. "ताप चार दिवस होता."

"डॉक्टर?"

"गाडी नव्हती."

तिनं न विचारताच सांगितलं. तिच्या तोंडून इतकं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"मला एकटीला वळवता येईना. चादर ओढून बघितली, दोर लावून बघितला. पाठ सडली. तो मला म्हणायचा, राहू दे केझाया, पोरगा येईल. रोज दोन गोष्टी विचारायचा. जेबेझ आला का? आणि आज किती तारीख? मी सांगितलं की ओठ हलवत मोजत बसायचा. काल रात्रीही विचारली. मी चार म्हणाले. तर म्हणाला, छे, नाही जमत."

"काय नाही जमत?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग उठून चुलीतली थंड राख उकरायला लागली.

तो तारीख कशाला विचारत असेल? तापात माणूस काहीही विचारतो. संत्रं माझ्या खिशातच होतं. ते तिथं ठेवायची लाज वाटली आणि परत आणायचीही. शेवटी ओढ्यात टाकलं.

मी गेलो असतो तर तो जगला असता. दोन माणसं लागत होती आणि दुसरा हत्तीला गवत घालत होता. हे मी कोणाला सांगणार? टोबायस तर म्हणाला, "बरं झालं, सुटला. चौकशी उद्या गुत्त्यात आहे. काळजी नको, मुदत केव्हाच संपली."

७ मार्च

चौकशी गुत्त्याच्या मोठ्या खोलीत भरली. कॉरोनर शहरातून आलेला, वाळका, नाकाला सर्दी. केझायाची जबानी त्यानं सकाळीच तिच्या घरी जाऊन घेतली होती, कारण वरच्या घरातली बाई खालच्यांच्या गुत्त्याचा उंबरा ओलांडत नाही. तिनं सांगितलं म्हणे, "मला काही म्हणायचं नाही."

खोलीत सगळे निर्धास्त होते. टोबायसनं तर पिंपाला तोटीही लावून ठेवली होती. तो पुढे झाला, "साहेब, जुनी इजा आहे. चेंडूत पाय घसरला. आणि वर्ष नि एक दिवस होऊन गेलाय, तेव्हा कायद्यानं..."

"कधी झाला?" कॉरोनरनं नाक पुसत विचारलं.

"राखेच्या बुधवारी, साहेब. चेंडू ते चेंडू वर्ष, वर एक दिवस."

कॉरोनरनं रुमाल खाली ठेवला. "मिस्टर ऑल्सप, तुमचा सण ईस्टरवर ठरतो आणि ईस्टर चंद्रावर. तुम्ही मोजता तिथीनं. कायदा मोजतो तारखेनं. मागच्या वर्षी तुमचा मंगळवार कधी होता?"

मी मनात म्हणालो, नऊ मार्च.

"नऊ मार्च," तोच म्हणाला. "मागचा ईस्टर उशिरा होता, यंदाचा लवकर आहे. कायद्याचं वर्ष आणि एक दिवस परवा पुरा होतो. हा माणूस शनिवारी गेला."

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. साठ माणसं श्वास घ्यायची थांबली त्याचा आवाज. माझ्या शेजारी टोबायसची बायको पुटपुटली, "म्हणजे अजून चारच दिवस..." आणि तोंडावर हात घेतला. सगळ्यांच्या मनात तेच होतं. नऊ मार्चपर्यंत रोज चार वेळा त्याला वळवलं असतं तर. दया म्हणून नाही, स्वतःसाठीच वळवलं असतं, आणि तो जगला असता.

मला मात्र दुसरंच दिसलं. ओठ हलवत मोजणारा एफ्राइम. 'यंदा चेंडू फार लवकर आला रे.' 'अजून एक पंधरवडा?' तो वीस वर्षं चर्चची घंटा वाजवत होता, सण कसे फिरतात ते त्याला ठाऊक असणारच. मग सरळ का नाही सांगितलं? 'अरे गाढवा, मुदत संपली नाही' एवढंच तर म्हणायचं होतं. मी धावत गेलो असतो!

हो. धावत गेलो असतो. म्हणूनच म्हणाला नसेल का? समजत नाही मला. माझी तर कधीच ओळखली म्हणाला होता. टाच.

कॉरोनरनं विचारलं, कोणी मारलं? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. डॉक्टरचा कागद यायचा होता म्हणून काम उद्यावर गेलं.

टोबायसनं मला मागच्या दाराशी गाठलं. हातात भाकरीचं गाठोडं. "हत्तीवाल्याबरोबर जा. आत्ता. फिरस्त्याचं काय, आला तसा गेला. आम्ही सांगू, घसरला."

गाठोडं घेतलं. पुलापर्यंत गेलो. काठाला चार पिवळी फुलं आली होती. परत आलो आणि गाठोडं त्याच्या डुकराला घातलं.

८ मार्च, दुपार

सकाळी उभा राहिलो आणि बोललो. आवाज कोंबड्यासारखा फाटला. "साहेब, लाथ मी मारली. चेंडू त्याच्याकडे नव्हता. मागून मारली."

पुढे काय होईल ते मी सगळं मनात धरून ठेवलं होतं. बेड्या, गाडी, दोर, निदान दगडाची खाण. झालं ते धरलं नव्हतं.

टोबायस उठला. बारीक आवाजात, अगदी प्रेमानं म्हणाला, "साहेब, पोरगा चांगला आहे हो. फक्त डोक्यानं जरा हा आहे. वर्षभर त्यानं एफ्राइमची सेवा केली, त्याचं मन फिरलंय. त्या दिवशी तो खेळलाच नाही. माझ्या गोठ्यात पिऊन पडला होता."

"खरं आहे," कोणीतरी म्हणालं.

"मीच त्याच्या अंगावर पोतं टाकलं," दुसरा म्हणाला. हा तर वरचा! वरच्यांचा म्होरक्याही उठला, त्याचंही हेच. चेंडू सुरू झाल्यापासून वरचे आणि खालचे एका बाजूला उभे राहिलेले मी पहिल्यांदा बघितले. त्यांना मला वाचवायचं नव्हतं, खेळ वाचवायचा होता. मी वाचत होतो तो आपोआप.

"तुझा कोणी साक्षीदार?" कॉरोनरनं मला विचारलं.

मी एकेकाकडे बघितलं. ज्यांनी बघितलं होतं त्यांच्या टोप्या खाली गेल्या.

आणि आता जे लिहितो त्यासाठी ही वही जाळावीशी वाटेल, तरी लिहितो. मला त्या क्षणी ऊब वाटली. पोटातून वर आली, गरम दूध प्यावं तशी. मी सांगितलं, माझं काम झालं, आता कोणी मानत नाही त्याला मी काय करू? असं वाटलं. 'आणखी काही?' असं साहेब म्हणाला आणि मी 'नाही' म्हणून खाली बसलो. बसलो! ओरडायला हवं होतं. बूट काढून टेबलावर आपटायला हवा होता. मी बसलो आणि शेजारच्यानं माझ्या पाठीवर थोपटलं.

एफ्राइमच्या कमरेत लाथ घातली तेव्हा राग तरी होता. हत्तीकडे गेलो तेव्हा निदान मला ठाऊक नव्हतं. आज सगळं ठाऊक होतं आणि मला ऊब वाटली.

कॉरोनर म्हणाला, डॉक्टरचा कागद आला आणि दुसरं कोणी बोललं नाही तर अपघात लिहून मोकळं होतो. जेवायला उठले. हवालदार स्लॅकला त्यानं काहीतरी हळूच सांगितलं, आणि स्लॅकनं मला गुत्त्याच्या माळ्यावर आणून बसवलं, जिन्यात स्वतः बसला. इथून हलू नकोस म्हणाला. पळ म्हटलं असतं तरी आता पाय हलले नसते.

खाली ताटल्या वाजतायत. कोणीतरी विनोद केला, टोबायस सगळ्यात मोठ्यानं हसतोय. पिंपाला तोटी लागली वाटतं. तासाभरात अपघात लिहितील, मी मोकळा होईन, पुढच्या वर्षी चेंडू होईल आणि मला खांद्यावर घेतील. मी 'नको' म्हणेन असं स्वतःला सांगतोय. माझा माझ्यावर विश्वास नाही.

हसणं थांबलं.

एकदम थांबलं, मधेच. ताटल्याही. कोणाची तरी खुर्ची मागे सरकली. फळीच्या फटीतून टोबायसची टोपी दिसते, ती त्यानं हातात घेतलीय. पाद्र्यासमोरही तो टोपी काढत नाही.

स्लॅक वर आला. चेहरा पांढरा. म्हणाला, "वही ठेव आणि चल."

"डॉक्टर आला का?"

"डॉक्टर नाही. केझाया व्हील्डन आलीय. पुलावरून, एकटी. उंबरा ओलांडून आत येऊन उभी आहे. साहेबानं खुर्ची दिली तर बसत नाही. म्हणते, आधी त्या पोराला खाली आणा, मला जे सांगायचंय ते त्याच्यासमोर सांगायचंय."